डिस्क रिकामी, तरी जागा नाही

सोर्सपासून, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मूळ कोडपासून, सॉफ्टवेअर बांधायला घेतलं की ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट सुरुवातीलाच एक चमत्कारिक चौकशी करते: ‘चेकिंग व्हेदर बिल्ड एन्व्हायर्नमेंट इज सेन’. भोवतालची परिस्थिती ठिकाणावर आहे ना? लगेच पुढे ‘येस’ उमटतं, ओळ वर सरकते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. वाटतं, कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम), लायब्ऱ्या, मेमरी असं काहीतरी भारदस्त तपासून झालं असेल. तसं काही नसतं. स्क्रिप्ट एक चिमुकली फाइल तयार करते आणि ती स्वतः कॉन्फिगरपेक्षा नवी दिसते का, एवढंच फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’ला विचारते. आत्ता या क्षणी जन्मलेली फाइल आधीपासून असलेल्या फाइलपेक्षा जुनी निघाली, तर ‘तुमचं घड्याळ तपासा’ असं सांगून ती तिथेच थांबते. ‘एलएस’चं उत्तरच वेडंवाकडं आलं, तर तुम्ही त्याला काही भलतं टोपणनाव दिलंय का, अशीही शंका घेते. ज्याने कुणी ही तपासणी लिहिली, त्याने यातलं सगळं बघितलेलं असणार.

मला ही ओळ फार आवडते, कारण बांधकामाचा खरा पाया कुठे आहे ते ती न बोलता दाखवते. कंपायलर कितीही हुशार असो, तो उभा असतो फाइल सिस्टमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, जिवावर. एरवी आपण डिस्कला विचारतो तरी काय? चार फोटो ठेव, एक कागद उघड. पण लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, बांधायला घेतला, की नुसत्या सोर्समध्येच ७० हजारांहून अधिक फाइली असतात, आणि बांधताना त्यांच्या जोडीला ऑब्जेक्ट फाइली (एकेका सोर्स फाइलचं कंपाइल झालेलं रूप), अवलंबित्वाच्या नोंदी, तात्पुरते तुकडे, लिंका यांचं पीक येतं. काही मिनिटांत हजारो फाइली बनतात, नावं बदलतात, पुसल्या जातात, एकमेकींशी वेळेच्या हिशेबात ताडल्या जातात. फाइल सिस्टमने आजवर मोघमपणे दिलेली सगळी आश्वासनं त्या अर्ध्या तासात एकदम वसुलीला निघतात.

आणि एखादं आश्वासन फसलं की बोंब मारतो कंपायलर. लाल अक्षरात नाव त्याचं असतं, म्हणून माणसं कंपायलरची आवृत्ती बदलतात, पॅकेज पुन्हा उतरवतात, फ्लॅग खेळवतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ हेच घ्या. लिनक्समधली २८ क्रमांकाची त्रुटी. वाचायला याहून सोपं वाक्य नाही: जागा संपली. आपण मोकळी जागा दाखवणारं ‘डीएफ’ चालवतो आणि ते सांगतं की चाळीस टक्के डिस्क मोकळी आहे. इथे पुष्कळ जण मशीनवरचा विश्वास गमावतात. मशीन मात्र खोटं बोलत नसतं.

पहिली शक्यता आयनोडची. फाइलचा मजकूर ब्लॉकमध्ये राहतो, पण तिची नोंद, म्हणजे मालक कोण, परवानग्या काय, ब्लॉक कुठले, ही आयनोडमध्ये असते. एक्स्ट४ ही लिनक्सवरची नेहमीची फाइल सिस्टम फॉरमॅट करतानाच आयनोड किती ते ठरवून टाकते. ठरीव हिशेब दर १६ केबीला एक. म्हणजे १०० जीबीच्या पार्टिशनवर सुमारे ६५ लाख. पुरेसे वाटतात, आणि बहुतेकदा पुरतातही. पण बिल्डच्या कॅश, जुन्या सोर्सच्या प्रती, अवलंबित्वांची एकात एक शिरलेली फोल्डरं, अशा लाखो बारक्या फाइली साठल्या की ग्रंथालयात कपाटं मोकळी आणि दाखल-नोंदवहीची पानं मात्र संपलेली, अशी गत होते. ‘डीएफ’ला ‘आय’चा पर्याय जोडून विचारलं की शंभर टक्क्यांचा आकडा समोर येतो. फॉरमॅट झाल्यावर हे प्रमाण बदलता येत नाही. जुनी बिल्ड फोल्डरं पुसणं एवढंच हाती उरतं. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टमा आयनोड लागतील तसे बनवतात, म्हणून तिथे हे दुखणं एवढं नाही. पण बीटीआरएफएसमध्ये मेटाडेटाची, म्हणजे अशा नोंदींची, जागा वेगळी राखलेली असते आणि ती भरली की तेच वाक्य, तोच २८.

दुसरी शक्यता अशी की भरलेली डिस्क तुम्ही बघताय ती नाहीच. कंपायलर आपले मधले तुकडे ‘टीएमपी’ फोल्डरमध्ये टाकतो, आणि ते फोल्डर हल्ली अनेक ठिकाणी टीएमपीएफएस असतं, म्हणजे चक्क मेमरीत. फेडोराने हे २०१३ साली आलेल्या १८व्या आवृत्तीपासून केलं, डेबियनने २०२५च्या १३व्या आवृत्तीत. त्याची मर्यादा ठरीवपणे रॅमच्या निम्मी. तुमच्या होममध्ये तीनशे जीबी मोकळे असतील. कंपायलर ज्या चार जीबीत कोंबाकोंबी करत होता ते संपले. लिंक करतानाचं ऑप्टिमायझेशन, ज्याला एलटीओ म्हणतात, ते चालू असेल तर हे तुकडे चांगलेच फुगतात. ‘टीएमपीडीआयआर’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल खऱ्या डिस्कवरच्या फोल्डरकडे वळवलं की प्रश्न मिटतो. जीसीसी या कंपायलरला ‘पाइप’ हा पर्याय दिला तर बरेचसे तुकडे फाइलीत न उतरता थेट एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे जातात, तेही चांगलं.

शिवाय एक्स्ट४ पाच टक्के ब्लॉक रूटसाठी, म्हणजे मशीनच्या प्रशासकासाठी, राखून ठेवते, तेव्हा साध्या वापरकर्त्याची डिस्क थोडी आधीच भरते. शिवाय पुसलेली पण कुठल्यातरी प्रक्रियेने उघडी धरलेली लॉग फाइल जागा सोडत नाही. फाइलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ला ती दिसत नाही, ‘डीएफ’ला तिचा भार जाणवतो, आणि तिला धरून बसलेला प्रोग्राम ‘एलएसओएफ’ दाखवतं. आणि सगळ्यात खट्याळ प्रकार म्हणजे आयनोटिफायचा, फाइली बदलल्याची खबर देणाऱ्या कर्नलच्या सोयीचा. फाइली बदलल्या की आपोआप बिल्ड करणारी जी साधनं असतात, ती प्रत्येक फोल्डरवर एक पहारेकरी मागतात. पहारेकऱ्यांची वापरकर्त्यामागची मर्यादा संपली की कर्नल काय म्हणतो? ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. इथे डिस्कचा काडीचा संबंध नाही. हा क्रमांक निवडणाऱ्याला मी मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलंय.

तेव्हा एकच वाक्य आणि मागे पाच-सहा वेगवेगळी दुखणी. यात कर्नलचा लबाडपणा नाही. त्याला कुणीतरी एक नेमकी विनंती केली, त्याने नेमका नकार दिला. तो नकार कंपायलरने उचलला, बिल्ड चालवणाऱ्या मेक या साधनाने त्यावर आपला ‘एरर २’ चढवला, आणि आपल्यापर्यंत आलं ते नुसतं उत्तर. कुठली फाइल, कुठल्या माउंटवर (म्हणजे जोडलेल्या कुठल्या फाइल सिस्टमवर), कुणी, काय करायला मागितली होती, हा प्रश्न वाटेत गळून पडला. माझ्या मते अशा त्रुटींमध्ये खरं काम असतं ते हा गळलेला प्रश्न परत मिळवण्याचं. उत्तर तर आधीच पडद्यावर आहे. तेच ते उत्तर इंटरनेटवर शोधत बसण्यात अर्थ नसतो, कारण तिथे दुसऱ्याच प्रश्नाला मिळालेलं तेच उत्तर सापडतं.

प्रश्न मिळवायची सरळ वाट ‘एसट्रेस’. प्रोग्राम कर्नलकडे काय काय मागतो ते हे साधन ओळीओळीने लिहून काढतं. पोटच्या प्रक्रियांचाही माग ठेवायला सांगायचं, फक्त फाइलींशी संबंधित विनंत्या गाळून घ्यायच्या, आणि नोंद दुसऱ्या पार्टिशनवर लिहायची. भरलेल्या डिस्कवर भरलेपणाची चौकशी करण्यात हशील नाही. पहिल्यांदा ही नोंद बघणारा घाबरतो, कारण तिच्यात ‘फाइल सापडली नाही’ असं शेकडो वेळा लिहिलेलं असतं. ते नेहमीचंच असतं. एक हेडर, म्हणजे सोर्समध्ये ओढून घ्यायची फाइल, शोधायला कंपायलर दहा फोल्डरं पालथी घालतो, नऊ ठिकाणी नकार मिळतो. आपल्याला हवा असतो तो शेवटचा नकार, ज्याच्यानंतर त्रुटीचं वाक्य छापलं गेलं. त्याच्याही आधी एक साधी गोष्ट: समांतर बिल्ड बंद करून एकाच कामावर चालवणं. आठ कामं एकदम चालू असताना पहिला नकार केव्हाच वर वाहून गेलेला असतो, आणि आपण वाचत बसतो ते त्याच्या मागून आलेलं रडगाणं.

आता घड्याळाकडे परत येते. मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्समध्ये लिहिलं. त्यामागची हकिकत त्यांनीच सांगितली आहे: त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी वैतागून त्यांच्या खोलीत शिरले. सगळी सकाळ त्यांनी एका अचूक प्रोग्राममधला दोष शोधण्यात घालवली होती. दोष आधीच दुरुस्त केलेला होता, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल केलेली नव्हती. त्यावर फेल्डमन यांनी काढलेला तोडगा पन्नास वर्षं टिकला आणि २००३ साली त्यासाठी त्यांना एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा पुरस्कारही मिळाला. तोडगा एका ओळीचा आहे: सोर्सची वेळ ऑब्जेक्टच्या वेळेपेक्षा नवी असेल तर पुन्हा बांध.

म्हणजे मेक मजकूर बघतच नाही. त्याचा सगळा भरवसा फाइल सिस्टमने टिपलेल्या वेळेवर. आणि वेळ टिपण्याची प्रत्येक फाइल सिस्टमची ऐपत निराळी. फॅट दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी वेळ लिहितं. एक्स्ट३ एका सेकंदाच्या. त्या दोन सेकंदांत सोर्स बदलला आणि ऑब्जेक्ट बनली, तर दोघींची वेळ सारखी, आणि सारखी असेल तर मेक गप्प बसतो. नेटवर्कवरच्या एनएफएस फोल्डरमध्ये वेगळीच गंमत: फाइलवर वेळ सर्व्हरची पडते, ‘आत्ता किती वाजले’ हे मेक आपल्या मशीनला विचारतो. दोन घड्याळांत तीन सेकंदांचं अंतर असलं की फाइल भविष्यकाळातली ठरते आणि ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ येतं. त्याच्याच पुढे ‘युअर बिल्ड मे बी इन्कम्प्लीट’ असंही असतं. हा नुसता इशारा असतो, बिल्ड पुढे जातं, म्हणून लोक तो सोडून देतात. मी सोडत नाही. थांबलेलं बिल्ड निदान थांबलंय हे तरी सांगतं. अर्धवट झालेलं बिल्ड पूर्ण झाल्याचा आव आणतं.

सोर्सच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचं वेगळंच. ते फाइलींच्या वेळा जपत नाही. सोर्स उतरवला की सगळ्यांवर आत्ताचा शिक्का. त्यामुळे तयार करून दिलेली कॉन्फिगर फाइल आणि ती ज्यातून बनली ती मूळ फाइल, यांत कुठली नवी ठरेल हा नुसता योगायोग. चुकीची नवी ठरली की मेक बिल्डच्या फाइली बनवणारं ऑटोमेक शोधत सुटतो, नेमकी तीच आवृत्ती मिळत नाही, आणि ज्या साधनाची मुळात गरजच नव्हती त्याच्या नावाने बिल्ड मरतं. योग्य क्रमाने ‘टच’ करून वेळा ताज्या केल्या की जिवंत होतं.

अर्धवटपणाचा सगळ्यात त्रासदायक नमुना डिस्क भरून गेल्यानंतरचा. जागा संपली, बिल्ड थांबलं, आपण जागा केली, पुन्हा मेक चालवलं. आणि आता भलत्याच ठिकाणी व्याकरणाची त्रुटी येते, कुठल्याशा हेडरच्या मध्यावर. तो हेडर एखाद्या स्क्रिप्टने आउटपुट वळवून बनवलेला असतो. निम्मा लिहून झाला आणि डिस्क भरली. त्याची वेळ मात्र ताजी. त्यामुळे मेकच्या लेखी तो झालेला. सिग्नलने थांबवलं तर जीएनयू मेक अर्धवट फाइल पुसतो, पण आज्ञा नुसती अपयशी ठरली तर तो पुसत नाही; त्यासाठी मेकफाइलमध्ये ‘डिलीट ऑन एरर’ हे लक्ष्य लिहावं लागतं, आणि आश्चर्य म्हणजे ते कितीतरी ठिकाणी लिहिलेलं नसतं. वीज गेल्यावरही असंच. एक्स्ट४ ब्लॉक ताबडतोब वाटून देत नाही, थोडं थांबते. ऐन त्या वेळात मशीन बंद पडलं तर नाव आहे, वेळ आहे, आणि लांबी शून्य, अशा ऑब्जेक्ट फाइली मागे राहू शकतात. ऑब्जेक्ट फाइली जोडणारा लिंकर मग ‘फाइल नॉट रेकग्नाइज्ड’ म्हणतो. म्हणून डिस्क भरल्यानंतर किंवा वीज गेल्यानंतर मी जुनं बिल्ड फोल्डर चालू ठेवत नाही. वेळ वाचवण्याचा मोह होतो, पण त्या फोल्डरमधली कुठली फाइल खरी हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. सोर्सपासून वेगळ्या फोल्डरमध्ये बांधण्याची सवय असली की ते पुसताना हातही थरथरत नाही.

नावांचे घोटाळे त्या मानाने सोपे, पण विनोदी. लिनक्स कर्नलच्या, नेटवर्कची पॅकेटं चाळणाऱ्या, नेटफिल्टर विभागात काही हेडर जोडीने येतात, ज्यांच्या नावांत फरक फक्त मोठ्या आणि लहान लिपीचा. टीसीपीएमएसएसची जोडी त्यांपैकीच: कॅपिटल अक्षरांतली फाइल पॅकेटवर क्रिया करणाऱ्या टार्गेटची, लहान अक्षरांतली नुसतं जुळवून बघणाऱ्या मॅचची. मॅकची फाइल सिस्टम ठरीवपणे हा भेद मानत नाही, त्यामुळे सोर्स उतरवताच दोघींपैकी एक दुसरीला गिळते आणि काहीही न बदलता गिट सांगतं की फाइल बदलली आहे. तिथे लिपीभेद मानणारा वेगळा व्हॉल्यूम बनवण्याला पर्याय नाही. (देवनागरीत ही भानगडच नाही, याचं मला दर वेळी बरं वाटतं.) उलट्या दिशेचा अपघात जास्त नेहमीचा: मॅकवर किंवा विंडोजवर सुखाने बांधलं जाणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर आणलं की हेडर सापडत नाही, कारण कुणीतरी नावातलं पहिलं अक्षर मोठं लिहिलंय.

देवनागरीला मात्र दुसरा भुर्दंड आहे. फाइलच्या नावाला बहुतेक लिनक्स फाइल सिस्टममध्ये २५५ बाइटची मर्यादा असते. यूटीएफ-८मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्राही वेगळे मोजले जातात, म्हणजे ८५ चिन्हांत खेळ संपला. ईक्रिप्टएफएसने फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं असेल तर इंग्रजी नावालाही १४३ अक्षरांतच भागवावं लागतं, आणि मोठी बिल्डं तिथे ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून अडतात. आणि फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडणाऱ्यांना मेक कधीच माफ करत नाही, कारण त्याच्या याद्याच मोकळ्या जागेवर तुटतात. कर्नलची मेकफाइल तर स्पष्टच सांगते की सोर्सच्या वाटेत मोकळी जागा किंवा कोलन चालणार नाही. हा रोखठोकपणा मला बाकीच्यांच्या गूढ मौनापेक्षा कितीतरी बरा वाटतो.

परवानगीची गोष्ट बघा. ‘कॅनॉट रन सी कंपाइल्ड प्रोग्राम्स’, आणि त्याच दमात सल्ला: क्रॉस-कंपाइल (दुसऱ्या जातीच्या मशीनसाठी कंपाइल) करायचं असेल तर ‘होस्ट’ द्या. या सल्ल्याने कितीजणांना रानात नेलं असेल कोण जाणे. पुष्कळदा कारण एवढंच, की ज्या माउंटवर आपण बांधतोय तो ‘नोएक्झेक’ आहे. तिथे फाइल लिहिता येते, वाचता येते, चालवता येत नाही. ‘फाइंडमाउंट’ला विचारलं की एका ओळीत उलगडा होतो. एक्सफॅटच्या पेनड्राइव्हवर सोर्स उलगडणाऱ्यांना सिमलिंका, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीच, बनवता येत नाहीत, कारण त्या फाइल सिस्टमला ती कल्पनाच माहीत नाही. आणि डोळ्यांसमोर असलेली स्क्रिप्ट चालवताना ‘फाइल सापडली नाही’ असं आलं तर ती स्क्रिप्ट नव्हे, तिच्या पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, सापडलेला नसतो. विंडोजच्या धाटणीची ओळ संपवणारी खूण नावाला चिकटलेली असते, म्हणून.

इथवरच्या सगळ्यात डिस्क निरोगी होती. कधी कधी नसते. बिल्ड चालू असताना अचानक ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ आलं, तर हात कीबोर्डवरून काढून घ्यावा. ही परवानगीची अडचण नाही. कर्नलला आतल्या रचनेत विसंगती सापडली आणि आणखी बिघडू नये म्हणून त्याने लिहिणं बंद केलं. अनेक वितरणांत रूट पार्टिशनला तशीच आज्ञा दिलेली असते. पुन्हा लिहिण्याजोगं माउंट करून बिल्ड पुढे रेटायचा मोह ज्याला होतो, तो पुढच्या आठवड्यात बॅकअप शोधत असतो. ‘स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग’ हे ११७ क्रमांकाचं वाक्य तर ऐकायला घरकामासारखं वाटतं, पण अर्थ तोच: एक्स्ट४ला किंवा एक्सएफएसला आपलीच नोंद ओळखू येत नाहीये. आधी कर्नलचे संदेश दाखवणारं ‘डीमेसेज’ वाचायचं. तिथे इनपुट-आउटपुट त्रुटी दिसल्या तर केबल किंवा डिस्क. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’मध्ये वाचायचे राहिलेले सेक्टर वाढत असतील तर डिस्कच. आधी जे वाचवता येईल ते दुसरीकडे उतरवायचं, मग अनमाउंट करून ‘एफएसचेक’. माउंट असलेल्या फाइल सिस्टमवर दुरुस्ती चालवणं म्हणजे दुखण्याचं मरण करणं.

आणि कधी डिस्कही निर्दोष असते. तीच फाइल, तोच कंपायलर, दर वेळी वेगळ्या ठिकाणी कोसळतो. जीसीसीच्या काही बांधण्यांत यावर एक ओळ छापली जाते: दोष पुन्हा घडवता येत नाही, बहुधा हार्डवेअर किंवा ऑपरेटिंग सिस्टमचा प्रश्न आहे. तेव्हा मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवावं. सदोष रॅममधून गेलेला मजकूर डिस्कवर बिघडलेलाच उतरतो आणि फाइल सिस्टमवर नाहक ठपका येतो.

हे सगळं पार पडलं की राहतं इन्स्टॉल. तिथेही फाइल सिस्टमचा एक शेवटचा खोडा असतो. चालू असलेल्या प्रोग्रामच्या फाइलवर ‘सीपी’ने नवी प्रत लिहायला गेलं तर ‘टेक्स्ट फाइल बिझी’ येतं. ‘इन्स्टॉल’ ही आज्ञा मात्र जुनी फाइल आधी काढते आणि नव्या आयनोडवर नवी ठेवते; चालू प्रोग्राम जुना आयनोड धरून निवांत चालत राहतो. शेअर्ड लायब्ऱ्यांना हे संरक्षण नाही. त्यांच्यावर ‘सीपी’ने लिहिता येतं, आणि त्या वापरणारे प्रोग्राम जागच्या जागी कोसळतात. बिल्ड साध्या वापरकर्त्यानेच करावं, नाहीतर रूटच्या मालकीच्या फाइली बिल्ड फोल्डरमध्ये राहतात आणि पुढच्या वेळी परवानगीच्या नावाने तेच सगळं पुन्हा सुरू होतं. इन्स्टॉलच्या आधी मी ‘डेस्टडिर’ला (फाइली कुठे उतरवायच्या ते ठरवणाऱ्या व्हेरिएबलला) एक रिकामं फोल्डर देते आणि तिथे काय काय उतरलं ते ‘फाइंड’ने वाचून काढते. मगच रूटचा पासवर्ड टाकते.